हाड जुळले, कोपर अडले

एखाद्याला खोट्या आशेवर ठेवले की आपण म्हणतो, त्याच्या कोपराला गूळ लावला. स्वतःची जीभ स्वतःच्या कोपरापर्यंत पोचत नाही, हे ज्याने पहिल्यांदा ताडले त्याने शरीररचनेतला एक बारीक नियम भाषेत बांधून ठेवला. पण या म्हणीची दुसरी बाजू कोणी बोलून दाखवत नाही. तोच गूळ तळहातावर घेतला तर तो तोंडापर्यंत पोचवते तेही कोपरच. हात सरळच राहिला, वाकलाच नाही, तर हातातला घास तोंडापासून हातभर लांब राहणार.

गेल्या पिढीपर्यंत आपल्या गावांत आणि चाळींत असा एक तरी माणूस दिसायचा. एक हात कायमचा काटकोनात धरलेला, सदऱ्याचे वरचे बटण लावताना मान खाली आणणारा, जेवताना ताटावर वाकणारा. विचारले तर म्हणायचा, लहानपणी पडलो होतो, हाड बसले, पण हात असाच राहिला. हाड जुळले होते, कोपर मात्र गेले होते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे वैद्यकाला नीट कळायला आणि कळल्यावर त्यावर उपाय सापडायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या वर्षांची ही हकीकत आहे.

कोपरच असे का अडते, हे आधी समजून घ्यायला हवे. दंडाचे एक हाड वरून येते, हाताची दोन हाडे खालून येतात आणि तिघांची गाठ एकाच पातळ पिशवीत पडते. त्या पिशवीत खरे तर तीन सांधे आहेत. हात वाकवणारे दोन आणि तळवा पालथा-उताणा करायला मदत करणारा तिसरा. हाडांची टोके एकमेकांत कुलूप-किल्लीसारखी बसतात. खांद्यात जशी ऐसपैस जागा असते तशी इथे नाही. त्यात दंडाच्या पुढच्या बाजूचा एक स्नायू थेट सांध्याच्या पिशवीला चिकटून उतरतो. पडल्यावर तो फाटतो, रक्त साचते आणि त्या रक्ताच्या जागी कधी दोरखंडासारखा व्रण तयार होतो, तर कधी चक्क नवे हाड. आतल्या बाजूने एक नस हाडाच्या खोबणीतून जाते. कोपर दाराला आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात त्या तिच्यामुळे. एवढ्या अडचणीच्या जागेत हाडाचे तुकडे झाले आणि वरून सहा आठवडे प्लास्टर बसले, तर पिशवी आटते आणि सांधा कुलूप लागल्यासारखा होतो.

आपल्याकडे ही अडचण फार पूर्वी ओळखलेली दिसते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात निखळलेले कोपर अंगठ्याने दाबून जागेवर बसवायला सांगितले आहे. पण वर्णन तिथेच संपत नाही. बसवल्यावर हात लांब करावा, मग आखडावा आणि त्यावर तेल सोडावे, असे पुढे येते. पट्टी फार सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही आणि फार घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि पू होतो, हेही त्याच अध्यायात आहे. पट्टी थंडीत सात दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधायची. सगळ्यात सुंदर सूचना हाताच्या पंजाविषयीची आहे. दुखावलेल्या हाताने आधी मातीसारखा मऊ गोळा धरायचा आणि बळ आले की मग दगड. आज फिजिओथेरपीच्या खोलीत रुग्णाच्या मुठीत आधी स्पंजचा चेंडू आणि नंतर कडक रबराचा चेंडू देतात, त्यामागचा विचार हाच आहे. हे ज्ञान पुढे पिढ्यान्‌पिढ्या कसे झिरपले आणि कुठे हरवले, हा वेगळा विषय आहे. हाडवैद्याकडे बांबूच्या कामट्या उरल्या. पट्टी वेळेवर सोडण्याची शिस्त सगळ्यांकडे उरली नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात या प्रश्नावर दोन टोकांची मते होती आणि दोन्हींना बाजू होती. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलचा ह्यू ओवेन टॉमस विश्रांतीचा कट्टर पुरस्कर्ता होता. त्याचे घराणे पिढीजात हाडे बसवणाऱ्यांचे. वडिलांना डॉक्टरांनी त्रास दिला म्हणून मुलांनी वैद्यकीय पदवी घेतली. टॉमसचे म्हणणे असे की दुखावलेल्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हवी. क्षयाने सडलेल्या सांध्यांच्या त्या काळात ते बरोबरही होते. हालचाल केली की पू पसरायचा, माणूस जायचा. टॉमसच्या बायकोचा पुतण्या रॉबर्ट जोन्स याने हा विचार पुढे नेला. कोपर वाकवून मनगट गळ्याशी अडकवून ठेवण्याची पद्धत त्याने रूढ केली. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या हाडांच्या उपचारांची व्यवस्था उभी करण्यात त्याचा मोठा वाटा होता.

पॅरिसमध्ये मात्र ज्यूस्त ल्युका-शाँपिओनिएर उलटे सांगत होता. हा माणूस तरुणपणी ग्लासगोला जाऊन जोसेफ लिस्टरचे जंतुविरोधी तंत्र शिकून आला होता आणि त्याने ते फ्रान्समध्ये नेले. १८९५ साली त्याने फ्रॅक्चरच्या उपचारात हलका मसाज आणि लवकर हालचाल यांवर ग्रंथच लिहिला. हाड अचल ठेवले तर हाडाभोवतीचे सगळे मरते, हाड हलते ठेवले तर सगळे जगते, असा त्याचा आग्रह होता. त्याच्यावर टीका झाली, कारण हलणाऱ्या हाडाचे तुकडे सरकतात, वाकडे जुळतात. ही टीका खोटी नव्हती. पेच खरा होता. स्थिर ठेवले तर सांधा जातो, हलवले तर हाड सरकते. कोपराच्या बाबतीत हा पेच सगळ्यात कठीण होता.

त्याआधीच जर्मनीतल्या हाले शहरात रिचर्ड फोन फोल्कमान याने एक भयंकर गोष्ट नोंदवली होती. लिआंडर या टोपणनावाने परीकथा लिहिणारा हा शल्यचिकित्सक १८८१ साली हाताच्या एका विकृतीविषयी लिहीत होता. कोपराजवळ मोडलेल्या हातावर पट्टी घट्ट बसली की काही तासांत स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. पुढे स्नायू आकसून तंतूंसारखे होतात आणि बोटे पक्ष्याच्या नख्यांसारखी वाकडी होऊन तशीच राहतात. आज ही विकृती त्याच्याच नावाने ओळखली जाते. झाडावरून पडलेल्या मुलाच्या हाताला घट्ट कामट्या बांधून रात्रभर ठेवले आणि सकाळी बोटे निळी पडलेली दिसली, अशा घटना आपल्याही ग्रामीण रुग्णालयांनी पुष्कळ पाहिल्या. सुश्रुताने घट्ट पट्टीविषयी दिलेला इशारा आणि फोल्कमानचे निरीक्षण एकाच धोक्याकडे बोट दाखवतात. मुलाच्या कोपराला लागले असेल तर आधी त्याची बोटे पाहावीत, नंतर हाड.

पेचातून सुटण्याचा एक मार्ग लिस्टरने दाखवला होता. जंतूंवर मात केल्यामुळे त्याला सांधा उघडता आला. १८७७ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात त्याने तुटलेली गुडघ्याची वाटी चांदीच्या तारेने जोडली. कोपराच्या मागचे जे टोक टेबलावर टेकतो, त्या टोकाचे तुटलेले हाडही त्याने तारेने जोडले. त्या काळी हे धाडस होते. चांगला सांधा उघडायचा म्हणजे पू होऊन पाय किंवा हात कापावा लागण्याचा धोका पत्करायचा. लिस्टरच्या हाती ते जमले, पण सगळ्यांच्या हाती नाही. १८९५च्या नोव्हेंबरमध्ये व्हिल्हेल्म रोन्टगेनने क्ष-किरण शोधले आणि डॉक्टरांना पहिल्यांदा दिसले की आपण बाहेरून सरळ केलेला हात आतून किती वेडावाकडा राहतो. मग बेल्जियममध्ये आल्बँ लाँबोत, इंग्लंडमध्ये विल्यम आर्बथनॉट लेन असे लोक हाडांना पट्ट्या आणि स्क्रू लावू लागले. लाँबोत फावल्या वेळात व्हायोलिन बनवायचा. हाडे जोडण्यासाठी त्याने बनवलेली हत्यारेही तितकीच सुबक होती. 'ऑस्टिओसिंथेसिस' म्हणजे हाडांची जोडणी हा शब्द त्याने रूढ केला. पण त्या काळच्या पट्ट्यांचे लोखंड शरीरात गंजायचे, स्क्रू सैल व्हायचे आणि जंतुसंसर्ग तर होताच. शस्त्रक्रिया झाली तरी वर प्लास्टर चढायचेच. म्हणजे चिरफाडीचाही त्रास आणि सांधा आखडण्याचाही.

म्हणून दोन महायुद्धांच्या दरम्यान बहुतेक डॉक्टर पुन्हा प्लास्टरकडे वळले. व्हिएन्नात १९२५ साली लोरेन्झ ब्योहलर याने अपघातग्रस्तांसाठी स्वतंत्र रुग्णालय सुरू केले. ते एखाद्या कारखान्यासारखे शिस्तीत चालायचे. मोडलेले हाड घट्ट धरायचे, पण बाकीचा प्रत्येक सांधा त्याच दिवसापासून रुग्णाने स्वतः हलवायचा, हा त्याचा नियम. हात प्लास्टरमध्ये असलेली माणसे खांदे फिरवत आणि बोटे मिटत-उघडत व्यायाम करत. ब्योहलरचे ऋण मोठे आहे. पण हाड सांध्याच्या आतच तुटले असेल तर धरायचे काय आणि हलवायचे काय? दंडाच्या हाडाचे खालचे टोक इंग्रजी टी किंवा वाय अक्षरासारखे फाटून तीन-चार तुकडे झाले, तर त्या नियमाला जागाच उरत नाही.

या फ्रॅक्चरसाठी काही डॉक्टरांनी एक टोकाचा मार्ग पत्करला. शस्त्रक्रिया करून तुकडे जोडता येत नाहीत आणि प्लास्टरमध्ये सांधा अडतोच, मग कशाचीच पर्वा करायची नाही. कोपर गळ्यात झोळीत लटकवायचे आणि थोड्याच दिवसांत हलवायला लावायचे. विल्यम ईस्टवुड याने १९३७ साली हाच मार्ग मांडला. इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांत याला 'हाडांची पिशवी' म्हणून ओळखतात, कारण खरोखरच पिशवीत तुकडे घालून हलवावे तसे ते होते. क्ष-किरणात दिसणारे चित्र भयानक, पण काही रुग्णांचे हात कामापुरते चालायचे. ब्राउन आणि मॉर्गन यांनी १९७१ साली लवकर हालचाल करवलेले असे दहा रुग्ण नोंदवले. हा उपाय निराशेतून आला होता आणि त्या निराशेतच त्याचे महत्त्व आहे. एका बाजूला उत्तम जुळलेले पण अडलेले कोपर, दुसऱ्या बाजूला वाकडेतिकडे पण चालणारे कोपर. रुग्णाला विचारले तर त्याने दुसरे निवडले असते. हाड हे साधन आहे आणि चाल हे साध्य, हे या डॉक्टरांनी हाडाचा बळी देऊन सिद्ध केले.

१९६९ साली बोस्टनच्या एडवर्ड राइजबरो आणि एरिक रेडिन यांनी टी आकाराच्या एकोणतीस फ्रॅक्चरची तुलना केली. त्यांचा निष्कर्ष शस्त्रक्रियेच्या विरोधात होता. शस्त्रक्रिया केली तर निकाल बेभरवशाचा, न केली तर बहुधा बरा. वाचणाऱ्याला वाटेल की प्रश्न मिटला. पण तोवर स्वित्झर्लंडमध्ये एका वेगळ्याच विचाराने मूळ धरले होते.

बेल्जियमचा रॉबेर दानिस याने १९४९ साली हाडे जोडण्याच्या शास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की हाडाचे तुकडे नुसते जवळ आणायचे नाहीत, ते एकमेकांवर दाबून धरायचे. पुरेसे घट्ट दाबले तर बाहेर गाठ न येता हाड आतल्या आत जुळते आणि मुख्य म्हणजे वर प्लास्टर लागत नाही. १९५० साली मॉरिस म्युलर हा तरुण स्विस डॉक्टर ब्रुसेल्सला जाऊन दानिसला भेटला. तिथे त्याने शस्त्रक्रियेनंतर लगेच हातपाय हलवणारे रुग्ण पाहिले आणि पुढच्या आयुष्याची दिशा ठरली. ६ नोव्हेंबर १९५८ रोजी बील शहरातल्या हॉटेल एलिटमध्ये तेरा शल्यचिकित्सक जमले आणि हाडांच्या जोडणीच्या प्रश्नांवर काम करणारा गट त्यांनी स्थापन केला. जर्मन नावाच्या आद्याक्षरांवरून जग त्याला एओ म्हणते. त्यात मार्टिन आल्गवर, हान्स विलेनेगर, रॉबर्ट श्नायडर हे होते. बेटलाखमधल्या रॉबर्ट मातिस या यंत्रकाराने त्यांच्यासाठी पट्ट्या, स्क्रू आणि हत्यारे बनवली. दावोसमध्ये त्यांनी प्रयोगशाळा उघडली आणि १९६०च्या डिसेंबरमध्ये तिथेच पहिला अभ्यासवर्ग भरवला. डॉक्टर तिथे हातात ड्रिल घेऊन प्रत्यक्ष हाडांवर सराव करत.

हे स्वित्झर्लंडमध्येच का घडले, याची कारणे सरळ आहेत. बर्फावर घसरून हाडे मोडणाऱ्यांची वाण नव्हती. घड्याळाच्या कारखान्यांत बारीक काम करणारे कारागीर होते. शिवाय अपघाताची भरपाई देणाऱ्या विमा कंपन्यांना कायमच्या अपंगत्वाचा हिशेब ठाऊक होता. महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये ठेवलेल्या माणसाला नंतर जे होते, त्याला या गटाने नाव दिले: फ्रॅक्चरचा आजार. सुजलेला हात, वाळलेले स्नायू, पोकळ झालेले हाड, अडलेले सांधे. त्यांचे म्हणणे असे की हा आजार मोडल्यामुळे होत नाही, आपल्या उपचारामुळे होतो. वैद्यकाने स्वतःवर इतक्या स्पष्टपणे दोष घेण्याचे प्रसंग थोडेच आहेत.

एओच्या चार तत्त्वांपैकी शेवटचे वाचले की बाकीच्या तिघांचा अर्थ उलगडतो. हाड मूळ आकारात आणा, ते घट्ट बसवा, त्याचा रक्तपुरवठा जपा आणि मग रुग्णाला लवकर, वेदना न होता, स्वतःच्या ताकदीने हलू द्या. पहिली तीन तत्त्वे या चौथ्यासाठी आहेत. पट्टी आणि स्क्रू हाड बरे करत नाहीत, हाड आपले आपण जुळते. ती धरून ठेवतात ती एवढ्यासाठी की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसाने कोपर वाकवावे. ज्या डॉक्टरांनी पट्टी लावून वर पुन्हा प्लास्टर घातले, त्यांनी घर बांधून दाराला कुलूप लावले.

या सगळ्या शास्त्रात मला सगळ्यात देखणी वाटते ती कोपराच्या टोकाची जोडणी. या टोकाला दंडाच्या मागचा बळकट स्नायू धरलेला असतो. ते तुटले की स्नायू त्याला वर ओढून नेतो आणि तुकड्यांमध्ये फट पडते. हात सरळ ठेवून प्लास्टर घालावे तर हात सरळच अडणार. जर्मनीतल्या आखेनमध्ये फ्रीड्रिख पाउव्हेल्स हाडांकडे इंजिनिअरच्या नजरेने पाहत असे. एका बाजूला ओढ आणि दुसऱ्या बाजूला दाब, पुलाच्या तुळईत जसे होते तसेच हाडात होते, असे त्याने दाखवले. मग ओढीच्या बाजूला तार लावली, तर ती ओढ तार झेलेल आणि दुसऱ्या बाजूला दाब वाढेल. स्वित्झर्लंडच्या वेबर आणि व्हासी यांनी १९६३ साली हे कोपरावर उतरवले. दोन सरळ तारा हाडातून आरपार घालायच्या आणि त्यांच्याभोवती मागून इंग्रजी आठच्या आकारात एक तार आवळायची. आता रुग्णाने हात वाकवला की स्नायूची ओढ तुकड्यांना दूर नेण्याऐवजी सांध्याच्या बाजूला एकमेकांवर दाबते. म्हणजे ज्या हालचालीला डॉक्टर शंभर वर्षे घाबरत आले, तीच हालचाल इथे हाड धरून ठेवते. ल्युका-शाँपिओनिएरचा आग्रह आणि टॉमसची भीती एका तारेच्या वेढ्यात एकत्र आली.

दंडाच्या खालच्या टोकाचे ते टी आकाराचे फ्रॅक्चर मात्र अजून बाकी होते. ते उघडायचे कसे हाच मोठा प्रश्न. मागचा स्नायू आड येतो. म्हणून कोपराचे टोक करवतीने कापून स्नायूसकट वर उचलायचे, म्हणजे आतले तुकडे डोळ्यांसमोर येतात. आधी सांध्याचे तुकडे एकमेकांना जोडायचे, मग तो जोड दंडाच्या दोन्ही खांबांना दोन पट्ट्यांनी बांधायचा, एक आतल्या बाजूने, दुसरी मागून. शेवटी कापलेले टोक पुन्हा जोडायचे, बहुधा त्याच आठच्या तारेने. १९८५ साली जेसी ज्युपिटर आणि आल्गवर यांच्यासह चौघांनी या पद्धतीचे चौतीस रुग्ण प्रसिद्ध केले. त्यांतल्या सत्तावीस जणांचे निकाल चांगले किंवा उत्तम होते. राइजबरो आणि रेडिन यांचा निष्कर्ष चुकीचा नव्हता, त्यांच्या काळची जोडणी कच्ची होती. पट्ट्या पक्क्या झाल्या आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच हालचाल सुरू करता आली, तेव्हा उत्तर बदलले.

किती हालचाल पुरते, याचे उत्तरही याच काळात मिळाले. १९८१ साली अमेरिकेतल्या मायो क्लिनिकमध्ये बर्नार्ड मॉरी आणि सहकाऱ्यांनी तेहतीस निरोगी माणसांच्या कोपरांना मोजमापाचे यंत्र लावले आणि त्यांना रोजची पंधरा कामे करायला सांगितली. जेवणे, फोन कानाला लावणे, खुर्चीतून उठणे, दार उघडणे, पाणी ओतणे. दिसले असे की पूर्ण सरळ आणि पूर्ण वाकलेल्या कोपराची गरज फार थोड्या कामांना लागते. ३० ते १३० अंश वाकले आणि तळवा दोन्ही बाजूंना ५० अंश फिरला की माणसाचे दिवसाचे बहुतेक काम होते. त्या आकड्यांनी शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट बदलले. क्ष-किरणातला देखणा फोटो मागे पडला आणि रुग्णाने घास स्वतःच्या हाताने तोंडात घालणे पुढे आले. हाताने भाकरी मोडून जेवणाऱ्या आपल्यासारख्यांना हा आकडा फार जवळचा आहे.

हाड धरणारे सापडले, आता हलवणारे हवे होते. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टरने सशांवर प्रयोग करून दाखवले की सतत, हळूहळू हललेल्या सांध्यातले कूर्चेचे घाव अचल ठेवलेल्या सांध्यापेक्षा चांगले भरतात. त्यातून मोटरवर हात हळू वाकवणारी यंत्रे निघाली. पण यंत्राने हललेला हात आणि माणसाने हलवलेला हात यांत फरक राहतो. स्नायू जागे राहतात ते स्वतःच्या इच्छेने. आपल्याकडे पोलिओच्या साथींनंतर, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा सुरू झाली. पोलिओने वाळलेल्या पायांसाठी घडलेली ही विद्या पुढे हाडाच्या रुग्णांच्याही कामी आली. शल्यचिकित्सकाचे काम दोन-तीन तासांत संपते. फिजिओथेरपिस्टचे काम तीन-चार महिने चालते आणि बहुतेक वेळा कोपर शेवटी किती वाकेल ते त्याच महिन्यांत ठरते. आपल्या अनेक लहान गावांत अजूनही पहिला माणूस मिळतो, दुसरा मिळत नाही. मला ही आपल्या आरोग्यव्यवस्थेतली मोठी उणीव वाटते.

मुलांची गोष्ट निराळी. त्यांच्या कोपराच्या वरचे हाड मोडले तर फ्लिन आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडल्याप्रमाणे त्वचेतून दोन बारीक तारा घालून ते धरतात. तीन-चार आठवड्यांनी तारा काढल्या की मूल खेळता-खेळता हात स्वतःच सरळ करते. तिथे जबरदस्तीचा व्यायाम करू नये.

आणि मोठ्यांच्या बाबतीतही सगळे प्रश्न सुटले नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाहीत. अशा वेळी फाटलेला सांधा काढून कृत्रिम कोपर बसवतात. मायकल मक्की आणि कॅनडातल्या सहकाऱ्यांनी २००९ साली बेचाळीस वृद्धांवर केलेल्या अभ्यासात ते चांगले ठरले. कोपराच्या टोकाबाबत तर वर्तुळ पूर्ण फिरले. १८६९ ते १८७७ या काळात लिस्टर ज्या एडिनबराला शिकवत होता, तिथेच २०१७ साली डॉक्टरांनी पंचाहत्तरीच्या पुढच्या रुग्णांची पाहणी केली. काहींवर शस्त्रक्रिया केली, काहींवर केली नाही आणि सगळ्यांनी हात हलवला. शस्त्रक्रिया झालेल्यांत गुंतागुंत इतकी दिसली की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. न जोडलेले टोक घेऊनही त्या म्हाताऱ्यांचे हात त्यांना पुरेसे चालत होते. शस्त्रक्रिया कोणासाठी आणि कोणासाठी नाही, हे वयावर, हाडावर आणि त्या माणसाच्या कामावर ठरते. हाताची हालचाल मात्र दोन्ही वाटांवर तीच राहिली.

वाचकांना एक कळकळीची विनंती आहे. घरात कोणाच्या कोपराला मार लागला आणि हाड मोडले तर त्याच्यावर तेल-मालीश करू नका, कोणाकडून ओढून ताणून हात सरळ करून घेऊ नका. जोराने चोळलेल्या, ओढलेल्या कोपरात फाटलेल्या स्नायूच्या जागी नवे हाड भरते आणि सांधा कायमचा अडतो. ही चूक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या प्रेमापोटीच होत आली आहे. हात दुसऱ्याने हलवायचा नसतो, ज्याचा आहे त्याने स्वतः हलवायचा असतो, तोही दुखणे सोसवेल तितकाच आणि डॉक्टर परवानगी देतील त्या दिवसापासून. तो दिवस नेमका कोणता, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा. शस्त्रक्रिया झाली असेल तर आणखी विचारा, आणि झाली नसेल तरीही विचारा.